वाकड्या खाडीचे अर्जदार

६ ऑक्टोबर, सोमवार

निवृत्त होऊन चार महिने झाले आणि आज मला पुन्हा नोकरी लागली. पदाचं नाव लिहून ठेवतो, कारण माणिकला तोंडी सांगितलं तर तिला चेष्टा वाटली : बालमत्स्य स्थलांतर अधिकारी.

अंधेरीला हरितसेतू नावाची सल्लागार कंपनी आहे. रस्ते आणि पूल बांधणाऱ्यांना पर्यावरणाचे कागद तयार करून देते. निहार हा तिचा मालक, वय पस्तीसच्या आत. त्याने तीनच गोष्टी विचारल्या. मासे ओळखता का? मी खरं ते सांगितलं, आमच्या घराण्यात मासा पानात सोडाच, शोभेच्या पेटीतही कधी आला नाही. मालाडच्या कोळीवाड्यात कोणी ओळखीचं? नाही. आणि विमा कंपनीत काय करत होतात? म्हटलं, एकतीस वर्षं दावे तपासले. कागदावरचा माणूस आणि समोरचा माणूस एकच आहे ना, हे बघायचं.

तो म्हणाला, "काका, मला असाच माणूस हवा होता. अनुभवी आणि कोरा."

माणिक गवार मोडत होती. ती थांबली. "म्हणजे मासे कळत नाहीत म्हणून माशांवर घेतलं?"

मी सांगितलं, काम माशांचं नाही, कागदांचं आहे. तिने पुन्हा गवार मोडायला घेतली. तिला आनंद झाला असावा.

८ ऑक्टोबर

फाइल वाचली. व्यवस्थित लावलेली नाही. दोऱ्याला गाठ नाही, पानांना क्रमांक नाहीत.

मालाडला पश्चिमेकडे इमारती संपून खारफुटीची तिवरं सुरू होतात. तिथे खाडीचा एक फाटा आत वळतो, त्याला वाकडी खाडी म्हणतात. नवा जोडरस्ता तिच्या तोंडावरून जाणार, म्हणून तोंडावर भराव घालणं चालू आहे. परवानगीतली चौदावी अट अशी : तोंड पूर्ण बंद करण्यापूर्वी खाडीतली माशांची पिल्लं योग्य अशा पर्यायी जागी हलवावीत व तसा दाखला जोडावा. दाखल्याखाली सही माझी.

पर्यायी जागा तयारच आहे. साइट ऑफिसच्या मागे सिमेंटची नवी टाकी बांधली आहे. तिवरांची मुळं म्हणून तळात पीव्हीसी पाइपांचे तुकडे उभे रोवलेत आणि त्यांना हिरवा रंग दिलाय. बाहेर फलक : 'बालमत्स्य संगोपन केंद्र'. फलकावरच्या माशाला पापण्या आहेत आणि तो हसतो आहे. हा कोणता मासा, असं निहारला विचारलं. तो म्हणाला, प्रातिनिधिक.

११ ऑक्टोबर, शनिवार

आज प्रथमच खाडीवर गेलो. बरोबर तेजल होती. ती कंपनीची मत्स्यशास्त्रज्ञ, वय सव्वीस, गोवंडीहून येते. वडील जालन्याकडचे, ती मात्र जन्मापासून मुंबईची. बोलते कमी. गमबूट तिने माझ्यासाठी आणले होते, दोन्ही डाव्या पायाचे निघाले. तसाच उतरलो.

ओहोटी होती. तेजलने तिवरांच्या मुळांमधून हातजाळं फिरवलं आणि पांढऱ्या ट्रेमध्ये उपडं केलं. मला नुसता कचरा दिसला. ती म्हणाली, थांबा. थोड्या वेळाने कचरा पोहायला लागला. जिऱ्याएवढे जीव, प्रत्येकाला दोन डोळे. ही बोय माशाची पिल्लं. जन्म बाहेर समुद्रात होतो, भरतीबरोबर आत येतात, मोठे मासे शिरू शकत नाहीत अशा या मुळांच्या जाळीत काही महिने राहतात आणि बोटाएवढी झाली की परत समुद्रात जातात. कोळंबीचंही तसंच, जिताड्याचंही तसंच. खाडीचं तोंड बंद झालं की आतली आत कोंडतात आणि बाहेरची बाहेर खाल्ली जातात. मग दोन वर्षांनी लोक विचारतात बाजारात मासे का नाहीत.

मी म्हटलं, म्हणूनच तर आपण त्यांना हलवतोय.

ती म्हणाली, "सर, टाकीला दिवसातून दोनदा भरती येणार का?"

मी प्रश्न लिहून घेतला. निहारला विचारून सांगतो म्हटलं.

फॉर्ममध्ये 'एकूण संख्या' असा रकाना आहे. एका ट्रेमधली मोजायला घेतली. दोनशे बारापर्यंत आलो आणि ती सगळी एकदम वळली. पुन्हा एकपासून.

१५ ऑक्टोबर

कंपनीच्या संगणकात माणसांच्या पुनर्वसनाचाच नमुना आहे. दुसरा कुठलाही फॉर्म तो घेत नाही, आणि एकही रकाना रिकामा ठेवू देत नाही. दिवसभर बसून भरला.

बाधिताचे नाव : बोय. कुटुंबप्रमुख : समुद्रात. व्यवसाय : निरंक. जागेचा वापर : निवासी. शौचालय : सामायिक. वास्तव्याचा कालावधी : तीन महिन्यांपेक्षा कमी.

शेवटची ओळ भरल्याबरोबर पडद्यावर लाल अक्षरं आली : अपात्र. पात्रता दिनांकापूर्वीचं वास्तव्य सिद्ध होत नाही.

निहार खूश झाला. अपात्र असतील तर हलवायचेच कशाला, दाखला लगेच करून टाका, म्हणाला. मला पटलं नाही. अर्जदार लहान आहे म्हणून त्याचं घराणं कालचं ठरत नाही. विमा कंपनीत असे दावे मी वारसाच्या पुराव्यावर मंजूर केले आहेत. पुरावा आणतो, असं सांगून निघालो. तो काहीतरी म्हणत होता, पण लिफ्ट आली होती.

१७ ऑक्टोबर

कोळीवाड्यात चंपाबाई भेटल्या. साठीच्या आहेत. गेली चाळीस वर्षं वाकड्या खाडीत हातांनी कोळंबी आणि चिंबोऱ्या, म्हणजे खेकडे, धरतात. मी येण्याचं कारण सांगितलं. त्यांनी मला दोनदा सांगायला लावलं आणि मग शेजारणीला बोलावून तिसऱ्यांदा.

त्यांचा जबाब शब्दशः : "लगीन होऊन आलो तवापासून ही पिल्लं इकरंच बघतेय. माझ्या सासूने पण इकरंच बघितली. पाऊस सरला का येतात, थंडी वाढली का जातात. कुनी बोलवायला लागत नाय."

नोटरीकडे गेलो. नोटरीने विचारलं, प्रतिज्ञापत्र कशासाठी? म्हटलं, रहिवासाचा पुरावा. त्याने शिक्का मारला. अर्जदाराचा फोटो लागतो म्हणाला, म्हणून तेजलने ट्रेवरून काढलेला लावला. करडी पिल्लं, बाजूला फूटपट्टी.

जाताना चंपाबाईंनी विचारलं, तुम्ही आमच्या बाजूचे का त्यांच्या? मी म्हटलं, मी अधिकारी आहे. त्या म्हणाल्या, तेच विचारतेय.

१८ ऑक्टोबर

संगणकाने पुरावा स्वीकारला. बोय आणि इतर : पात्र. हिरवी अक्षरं. आता प्रत्यक्ष स्थलांतर झाल्याशिवाय संगणक दाखला छापणार नाही आणि दाखल्याशिवाय खाडीचं तोंड बंद करता येणार नाही. मी एवढं मन लावून काम करीन असं वाटलं नव्हतं, असं निहार म्हणाला. कौतुक कोणाला नको असतं? माणिकसाठी अनारसे घेऊन घरी गेलो.

२७ ऑक्टोबर

दिवाळी संपली. आज स्थलांतर.

तेजलचं म्हणणं होतं, अजून दोन आठवडे थांबावं. टाकी नवी आहे, सिमेंटातला चुना पाण्यात उतरतो, दर दोन दिवसांनी पाणी बदलून टाकी धुवायला हवी. तिने तशी टिप्पणी तीनदा लिहिली आहे. तिन्ही मी फाइलला क्रमाने लावल्या, पानांना क्रमांक घालून, कोपरे जुळवून. पण भराव टाकणाऱ्या गाड्या उभ्या होत्या आणि निहारला आजच सुरुवात हवी होती. मलाही हवी होती, हे इथे लिहायला हरकत नाही. पात्र अर्जदाराला ताबा मिळण्यात उशीर होऊ नये.

तीनशे चाळीस पिल्लं, अकरा बादल्या. बादल्यांवर ओलं कापड टाकून मी स्वतः वाहून नेली. प्रत्येक बादली टाकीत हलकेच सोडली. पाइपांभोवती ती जरा वेळ घुटमळली. त्यांना जागा आवडली, असं तेव्हा वाटलं.

२९ ऑक्टोबर

टाकीवर पांढरा तवंग दिसला. जवळ जाऊन पाहिलं तर तवंग नव्हता.

तीनशे चाळीस. या वेळी मोजता आली.

३० ऑक्टोबर

कामावर गेलो नाही. माणिकने विचारलं, बरं वाटत नाही का. मी तिला सगळं सांगितलं. टिप्पण्या तीन होत्या, आणि त्या मी वाचल्या होत्या. फक्त वाचून फाइलला लावल्या. कागद नीट लागला की काम झालं, असं मला वाटतं. एकतीस वर्षं वाटत आलं.

"बादल्या मीच वाहिल्या," मी म्हटलं.

माणिकने माझ्यापुढे चहा ठेवला. मग म्हणाली, "खाडीत अजून आहेत ना? मग जा उद्या."

३१ ऑक्टोबर

फॉर्ममध्ये मृत्यूची नोंद करायला जागा नाही. 'स्थलांतरित, ताबा घेतला' इथे यादी संपते. निहारला विचारलं. तो म्हणाला, ताबा घेतला ना? पुढे काय करायचं तो ज्याचा त्याचा खाजगी प्रश्न. दाखल्यावर सही करा. मी म्हटलं, आधी तपासणी समितीने पाहू दे, मग करतो. तसा नियमच आहे. त्याने कपाळावर हात ठेवला. त्याचं डोकं हल्ली फार दुखतं.

तेजल टाकीपाशी एकटी उभी होती. रागावली असेल म्हणून मी लांबच थांबलो. मग धीर करून विचारलं, हे सगळं दिसत असताना तू नोकरी सोडत का नाहीस?

"मी सोडली तर माझ्या जागी कोण येईल, सर? तुम्ही."

माझ्या कामावर तिचा एवढा विश्वास असेल असं वाटलं नव्हतं. पण ज्या स्वरात म्हणाली तो आवडला नाही. घरी येईपर्यंत तेच डोक्यात होतं. रात्री जेवताना लक्षात आलं की तो विश्वास नव्हता.

५ नोव्हेंबर

भराव वाढतो आहे. तोंड चाळीस पावलांचं होतं, आता वीस फूट उरलं आहे. तेवढ्यातून पाणी जोरात आत येतं आणि जोरात जातं. आतल्या बाजूला गाळ बसू लागलाय. चंपाबाई कमरेएवढ्या पाण्यात होत्या तिथे आता गुडघाभर. त्यांनी मला पाणी कुठवर आलंय ते हाताने दाखवलं.

१२ नोव्हेंबर

तपासणी समिती चौदाला येणार. बालमत्स्य म्हणून निहारने मुद्दाम बालदिन निवडला. फुगे सांगितलेत.

मला म्हणाला, काका, तुम्ही थकलेले दिसता, चौदाला सुट्टी घ्या. फारच काळजी करतो. पण एवढ्या महत्त्वाच्या दिवशी अधिकारी घरी बसला तर ते बरं दिसत नाही. मी येईन म्हणून कळवलं नाही, उगाच त्याला अपराधी वाटायला नको.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

आजचं सविस्तर लिहितो.

दहा वाजता पोचलो. फाटकाला निळे फुगे. मला बघून निहार हसला, पण अर्धाच. समितीत तिघं होते. अध्यक्षबाई सत्तरीच्या असाव्यात, हातात छत्री, पायात पांढरे बूट. चिखलात जायची त्यांना इच्छा नव्हती, म्हणून सगळे थेट टाकीकडे गेले.

टाकीत मासे होते. खूप होते. केशरी, लांब झुपकेदार शेपट्यांचे, हिरव्या पाइपांमधून सावकाश फिरत होते. पाणी काचेसारखं. अध्यक्षबाई म्हणाल्या, वा, किती रमलेत. दुसऱ्या सदस्याने फोटो काढला. तेजल जमिनीकडे बघत होती.

मी फाइल उघडली. मुद्दाम काही करायचं नव्हतं, हे इथे नमूद करतो. समोर अर्जदार उभा राहिला की माझा हात आपोआप फोटोवर जातो. फोटोत करडी, जिऱ्याएवढी पिल्लं. टाकीत केशरी, वीतभर. मी पुन्हा पाहिलं. अठरा दिवसांत एवढी वाढ होत असेलही, मला शास्त्र कळत नाही. पण शेपटी?

मी म्हटलं, "मॅडम, हे आमचे अर्जदार नाहीत."

एक फुगा फुटला.

अध्यक्षबाईंनी चष्मा बदलला. फोटो घेतला, टाकीशी वाकल्या, पुन्हा फोटो पाहिला. "मग हे कोण?"

"माहीत नाही, मॅडम. यांचा अर्ज आलेला नाही. आमच्या अर्जदारांनी सत्तावीस तारखेला ताबा घेतला आणि एकोणतीसला ते मयत झाले. तीनशे चाळीस. त्याची नोंद करायला फॉर्ममध्ये जागा नव्हती. टाकी धुतलेली नाही, असं तीनदा लेखी आलं होतं. पान एकवीस, चोवीस आणि तीस. तरी बादल्या मी नेल्या."

अध्यक्षबाईंनी तिन्ही पानं उभ्या उभ्या वाचली. मग तेजलला विचारलं, तुम्ही लिहिलंत? तेजल हो म्हणाली आणि मग थांबलीच नाही. गाळ, खारेपणा, मुळं, भरतीची वेळ, सगळं पाऊण तास सांगितलं. मी तिला एवढं बोलताना कधी ऐकलं नव्हतं. निहार मध्येच म्हणाला, काकांची तब्येत बरी नाही. मी त्याचे आभार मानले आणि बरी आहे असं सांगितलं.

घरी माणिकला सांगितलं. तिने कढईवरचं झाकण काढलं, ठेवलं, परत काढलं. शेवटी म्हणाली, "जेवायला वाढते."

२४ नोव्हेंबर

समितीचा आदेश आला. नक्कल मिळवून तीनदा वाचली. मजकूर असा :

'पात्र लाभार्थींनी ताबा मिळाल्यानंतर सदर जागा परस्पर त्रयस्थांना दिली असल्याचे प्रथमदर्शनी दिसून येते. लाभार्थी मयत असल्याचे तोंडी सांगण्यात आले. तथापि मृत्यूचे दाखले सादर झालेले नाहीत. सबब सखोल चौकशी व्हावी. लाभार्थींचे म्हणणे ऐकून घेतल्याशिवाय निर्णय होऊ नये. तोपर्यंत केंद्र मोहोरबंद राहील व खाडीच्या तोंडाचा उरलेला भाग जैसे थे ठेवावा.'

केंद्राच्या दाराला लाखेची मोहोर लागली. केशरी मासे आत आहेत. मोहोर न तोडता त्यांना खाणं कसं घालायचं यावर स्वतंत्र पत्रव्यवहार सुरू झाला. सध्या तेजल भिंतीवरून टाकते.

निहारने मला बोलावून सांगितलं की उद्यापासून येऊ नका. मग म्हणाला, "काका, तुमच्यासारखा माणूस पुन्हा मिळणार नाही." निरोपाला एवढं खूप झालं.

७ डिसेंबर, रविवार

आता स्वतःहूनच खाडीवर जातो. तेजलची बदली दुसऱ्या प्रकल्पावर झाली, पण रविवारी येते. सर म्हणायची, आता काका म्हणते.

आज चंपाबाईंनी मुळांपाशी मला वाकायला लावलं. बोयची पिल्लं माझ्या करंगळीएवढी झाली होती. रांगेने उलट्या पाण्याला तोंड करून उभी. पण तेजलच्या ट्रेमध्ये ऑक्टोबरच्या निम्मीही नाहीत. आतल्या टोकाची तिवरं पिवळी पडताहेत, तिथवर भरती पोचत नाही. वीस फूट पुरत नाहीत, ती म्हणाली. मी विचारलं, काहीच नसण्यापेक्षा? तिने ट्रे धुतला.

चंपाबाईंना त्या तीनशे चाळिसांबद्दल आज सांगितलं. इतके दिवस धीर झाला नव्हता. त्या म्हणाल्या, कोलीवाड्यात कवाच कळला. मग त्यांनी मला चिंबोरी कशी धरायची ते दाखवलं. मला जमलं नाही, बोटाला चावली.

५ जानेवारी, सोमवार

चौकशीचा कारकून आला. नाव मार्तंड, माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी लहान, बॅगेत नोटिसा. नोटीस 'बोय व इतर ३३९, वाकडी खाडी, मालाड (प.)' यांच्या नावे. लाभार्थींना प्रत्यक्ष बजावायची, न सापडल्यास राहत्या जागी दोन पंचांसमक्ष चिकटवायची. पंच म्हणून मी आणि चंपाबाई. तेजल रजा काढून आली होती.

अकरा वाजले होते, भरती चढत होती. मार्तंडने पॅन्ट गुडघ्यापर्यंत दुमडली, रीतीप्रमाणे तीनदा नाव पुकारलं. कोणी आलं नाही. मग त्याने सगळ्यात जाड तिवराला खळ लावून नोटीस चिकटवली आणि फोटो काढला.

सुनावणीची तारीख घालायची होती. लाभार्थी कधी उपलब्ध असतील, असं त्याने विचारलं. चंपाबाई म्हणाल्या, ही आता समुद्रात जानार, परत नाय येनार. यांची पिल्लं येतील, पाऊस सरला का. मार्तंड अडला. मी त्याला आठवण करून दिली, अशा वेळी वारसांना ऐकता येतं. त्याने नियम उघडून पाहिला. खरंच येतं. त्याने तारीख घातली : १२ ऑक्टोबर. तोवर जैसे थे.

हे मी मुद्दाम केलं. तसं इथे लिहून ठेवतो.

एकच्या सुमाराला पाणी नोटिशीपर्यंत चढलं. खळ सुटली. कागद जरा वेळ मुळांमध्ये फिरला, मग ओहोटी लागली तसा तोंडाकडे निघाला. त्याच्याखालून करड्या माशांचा एक घोळका जात होता, बोटाएवढे, पाठी चकाकत होत्या. भरावाच्या दगडांजवळ पाणी जोरात ओढत होतं. कागद आणि मासे एकदमच त्या वीस फुटांतून बाहेर गेले.

मार्तंड घाबरला. "गेली की हो नोटीस. आता काय लिहू?"

"बजावली, लिवा," चंपाबाई म्हणाल्या. "पोचल बरोबर."

त्याने लिहिलं. आम्ही पंचांनी सह्या केल्या. मग त्याने पुढचं पान काढलं, वारसांची यादी. नाव, वय, संख्या. पेन उघडून त्याने आमच्याकडे पाहिलं. संख्येच्या रकान्यात काय भरू?

तेजल खाडीकडे बघत होती.

"जागा सोडा," ती म्हणाली.